सवलतीचे तिकीट आणि साथीदाराची बिदागी

दिवाळी सरली की जलशांचा मोसम सुरू होतो. कोल्हापूर, सांगली, मिरज, पुणे, सोलापूर, ठाणे, कोणत्याही गावात जा. नाट्यगृहाच्या भिंतीवर आणि किराणा दुकानाच्या दारावर फलक लागलेले दिसतात. ‘ठुमरी, दादरा, गझल व नाट्यपदे’, ‘हौशी कलावंतांचा वाद्यवृंद’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवेशिका सवलतीच्या दरात’. मूळ दर तीनशे, सवलतीचा दर दीडशे. विद्यार्थ्यांना सवलत, ज्येष्ठ नागरिकांना सवलत, सभासदांना सवलत, सभासदांच्या पाहुण्यांना सवलत, जाहिरातदाराच्या गिऱ्हाइकांनाही सवलत. इतक्या जणांना सवलत असते की पूर्ण दराने तिकीट काढणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल.

व्यापार-उद्योगाच्या पानावर गाण्याबजावण्याचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. संगीताच्या जायज-नाजायजपणाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो वाद सोडवण्याचा अधिकार या पानाला नाही. आमचा मुद्दा धंद्याचा, दामाचा आणि मजुरीचा आहे. सारंगी, तबला, शहनाई, बँड आणि तंतुवाद्यांची कारागिरी यांवर महाराष्ट्रातील आपल्या समाजाची अनेक घरे पिढ्यान् पिढ्या जगत आली आहेत. या घरांचा रोजगार ज्या तिकिटावर चालतो, ते तिकीट अर्ध्या दामात कसे विकले जाते आणि उरलेले अर्धे दाम कोण भरतो, हा प्रश्न या पानाचाच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: सवलत देण्यास हरकत नाही, ती दिलीच पाहिजे. पण सवलतीचा पैसा कोणीतरी भरत असतो. तो कोण भरणार हे आधी ठरले नाही, तर तो शेवटी साथीदाराच्या बिदागीतून कापला जातो.

खुर्ची हा नाशवंत माल

नाट्यगृहातील खुर्ची हा केळी किंवा मासळीसारखा नाशवंत माल आहे. किंबहुना त्याहूनही नाशवंत. बागवान संध्याकाळी उरलेली केळी उतरत्या भावाने काढतो, अगदीच राहिली तर दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने विकतो. साडेसहाला पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते आणि ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. शिवाय खुर्चीवर माणूस बसला काय, न बसला काय, भाडे, दिवे, ध्वनिक्षेपक, छपाई आणि वादकांची बिदागी यांत फरक पडत नाही. तेव्हा रिकामी जाणारी खुर्ची शंभर रुपयांना गेली तरी तेवढे शंभर पदरात पडले, हा हिशेब चोख आहे. सवलतीचे मूळ कारण हेच आणि त्यात वावगे काही नाही.

पण बागवान आणि मंडळ यांच्यात एक फरक आहे. बागवान दिवसभर पूर्ण भावाने विकतो आणि उरलेल्या मालावर सूट देतो. आमची मंडळे पहिल्याच दिवशी सगळ्या मालावर सूट लावून बसतात. जो माणूस खुशीने तीनशे देणार होता, त्याच्याही हातात दीडशेचे तिकीट ठेवतात आणि मग खर्च भागत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

हिशेब मांडून पाहू

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा सभागृह पाचशे खुर्च्यांचे आहे. भाडे, ध्वनिक्षेपक, दिवे, छपाई आणि वाहतूक मिळून साठ हजार. वाद्यवृंदात दहा हौशी वादक आहेत. ते नोकरी-धंदा सांभाळून वाजवतात आणि पैसे घेत नाहीत. पण तबला, सारंगी, बासरी, हार्मोनियम अशा सहा जागी व्यावसायिक साथीदार बोलवावे लागतात. प्रत्येकी पाच हजार धरले तर तीस हजार. चहापाणी, रंगमंच कामगार आणि किरकोळ खर्च दहा हजार. एकूण एक लाख.

तिकीट तीनशे ठेवले आणि अडीचशे माणसे आली, तर जमा पंचाहत्तर हजार, तूट पंचवीस हजार. निम्मे सभागृह रिकामे पाहून कार्यकारिणीतील कोणीतरी म्हणतो, दर निम्मा करा, सभागृह भरेल. ठीक आहे. दर दीडशे केला आणि समजा खरोखरच पाचशेच्या पाचशे खुर्च्या भरल्या. जमा किती? पंचाहत्तर हजार. तूट किती? तीच, पंचवीस हजार. दारावर ‘हाउसफुल्ल’चा फलक लागला, वर्तमानपत्रात फोटो आला, अध्यक्षांचा सत्कार झाला, पण गल्ल्यात एक पैसा जास्त आला नाही. आणि सभागृह पूर्ण न भरता चारशेच माणसे आली, तर जमा साठ हजारांवर येते.

आता दुसरी रीत पाहू. तीनशेचा दर कायम ठेवला आणि ते अडीचशे गिऱ्हाईक टिकवले. रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांपैकी शंभर विद्यार्थ्यांना शंभर रुपयांत दिल्या. दहा हजार वाढले, जमा पंच्याऐंशी हजार झाली. उरले पंधरा हजार. गावातील तीन व्यापाऱ्यांना सांगितले की, प्रत्येकी पंचवीस विद्यार्थ्यांच्या तिकिटातील दोनशेचा फरक तुम्ही भरा. प्रत्येकाचे पाच हजार, तिघांचे पंधरा हजार. एक लाख पुरे झाले. शंभर मुले शंभर रुपयांत गाणे ऐकून गेली, सहाही साथीदारांना ठरलेली बिदागी मिळाली आणि मंडळाला कर्ज झाले नाही.

या रीतीला एक गळती मात्र लागू शकते. पूर्ण दराच्या अडीचशेपैकी पंचवीस जणांनी ‘आमचा मुलगा कॉलेजात आहे’ म्हणून स्वतःसाठी विद्यार्थी-तिकीट काढले, तर पाच हजार कमी झाले. पाच हजार म्हणजे बरोबर एका साथीदाराची बिदागी. खिडकीवर ओळखपत्र पाहणे हा काही कद्रूपणा नाही. त्या पंचवीस जणांनी तिकिटात वाचवलेला पैसा सारंगीवाल्याच्या घरातून गेलेला असतो.

लंडनचा एक शिलिंग

स्वस्त तिकिटाचा एक जुना आणि मोठा प्रयोग लंडनमध्ये झाला, आणि त्याचा इतिहास आपल्या मंडळांनी जरूर वाचावा. १० ऑगस्ट १८९५ रोजी रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने क्वीन्स हॉलमध्ये ‘प्रॉमेनेड’ जलसे सुरू केले. वाद्यवृंदाचे संचालन हेन्री वुड या तरुणाकडे दिले. उभे राहून ऐकणाऱ्यास तिकीट एक शिलिंग. सबंध हंगामाचा पास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. पूर्वार्धात भारदस्त संगीत आणि उत्तरार्धात हलकेफुलके, लोकांच्या ओळखीचे, अशी मांडणी असे. सामान्य माणसाला आधी सोप्या सुरांनी ओढायचे आणि हळूहळू अवघड संगीताची गोडी लावायची, हा न्यूमनचा बेत होता.

पण एक शिलिंगात वाद्यवृंद पोसला जात नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. सुरुवातीचा पैसा जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टराने घातला. नाटकांच्या धंद्यात पैसे अडकून १९०२ मध्ये न्यूमनचे दिवाळे निघाले, तेव्हा एडगर स्पेयर या बँकरने वाद्यवृंदाचा भार उचलला. पुढे संगीत-प्रकाशनाचा धंदा करणारी चॅपेल कंपनी आली आणि १९२७ मध्ये बीबीसीने सगळा कारभार हाती घेतला. १९४१ मध्ये जर्मन बाँबफेकीत क्वीन्स हॉल जळाला, तेव्हा जलसे रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेले. तेथे उभे राहून ऐकण्याचे तिकीट २०२४ च्या हंगामातही आठ पौंडांना मिळत होते; बसण्याच्या चांगल्या जागा त्याच्या कैक पट महाग.

या सव्वाशे वर्षांतून व्यापाऱ्याने घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा की, स्वस्त तिकिटामागे प्रत्येक काळात कोणीतरी पैसेवाला उभा होता आणि तो कोण हे सर्वांना ठाऊक होते. डॉक्टर, बँकर, प्रकाशक, प्रसारण संस्था. फरक कोण भरतो हे कधी गुलदस्त्यात नव्हते. दुसरा धडा असा की, सवलत फुकटात मिळत नव्हती. शिलिंग देणाऱ्याने दोन-अडीच तास उभे राहायचे. पाय दुखतील, पण गाणे तेच. ज्याला आरामात बसायचे त्याने जास्त दाम मोजावे. त्यामुळे श्रीमंत माणूस सहसा गरिबाच्या रांगेत घुसत नाही आणि गरिबालाही आपण गरीब असल्याचा दाखला दाखवावा लागत नाही.

हीच गोष्ट आपल्याकडेही आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात १९५३ पासून लाखो रसिकांनी गाणे ऐकले. त्यातील फार मोठा भाग भारतीय बैठकीवर, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसणारा. खुर्चीला वेगळा दर, बैठकीला वेगळा दर. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशींनी वाढवलेला हा महोत्सव. सवलत कशी द्यावी याचा वस्तुपाठ तेथे अनेक वर्षे गिरवला गेला आहे.

लंडनच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदातील वादक दुसरीकडे जास्त पैशाचे काम मिळाले की सरावाला बदली माणूस पाठवून देत. १९०४ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा नियम झाला, तेव्हा चाळीसएक वादक बाहेर पडले आणि त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा स्वतःचा वाद्यवृंद काढला. आपल्या मंडळांचे संचालकही तक्रार करतात की तबलावादक सरावाला येत नाही, ऐन वेळी लग्नाच्या कामाला निघून जातो. जाणारच. लग्नात हजर झाल्याचे पैसे मिळतात, सरावाचे मिळत नाहीत. घर चालवणारा माणूस निष्ठेवर किती दिवस काढणार?

काटकसर कोठे करता येत नाही

‘तिकीट स्वस्त करायचे तर खर्च कमी करा’, हा सल्ला कारखान्यात चालतो. यंत्र बदलले की तितक्याच मजुरांत दुप्पट कापड निघते. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पण चार वादकांची रचना तीन वादकांत वाजत नाही आणि अर्ध्या तासाची पंधरा मिनिटांत उरकत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला. इतर उद्योगांत यंत्रांमुळे माणशी उत्पादन वाढते आणि मजुरीही वाढते. वादकालाही त्याच बाजारात गहू-तेल घ्यायचे असते, म्हणून त्याची मजुरी वाढावीच लागते; पण त्याचे ‘उत्पादन’ वाढत नाही. परिणामी जलशाचा खर्च इतर मालापेक्षा सतत महाग होत जातो आणि केवळ तिकीटविक्रीवर तो भागत नाही.

याचा अर्थ असा की, जलशातील तूट म्हणजे व्यवस्थापनाचा गाढवपणाच असे मानायचे कारण नाही. ती धंद्याच्या स्वभावातच आहे. प्रश्न एवढाच उरतो की ती तूट कोणाच्या माथी मारायची. भाडे आधी भरल्याशिवाय सभागृह मिळत नाही. ध्वनिक्षेपकवाला आगाऊ रक्कम घेतो. छापखानाही उधारी ठेवत नाही. राहतो कोण? साथीदार. तो ओळखीचा असतो, आर्जवी असतो आणि पुढच्या कार्यक्रमाला बोलावणे यावे म्हणून गप्प असतो. ‘या वेळी जरा सांभाळून घ्या’ हे वाक्य त्यालाच ऐकवले जाते.

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवा. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष बसत. त्या नाट्यपदांची मोहिनी आजही टिकून आहे आणि त्यात या दोघांच्या साथीचा वाटा कोणी नाकारत नाही. पण त्याच मंडळीचा जमाखर्च पाहिला तर गर्दी लोटत असतानाही खर्चाला धरबंध न राहिल्यामुळे ती कर्जात बुडाली. भरलेले नाट्यगृह म्हणजे भरलेला गल्ला नव्हे, हे मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

मानाचे पास

सवलतीपेक्षा मोठा रोग म्हणजे फुकट पास. पहिल्या दोन-तीन रांगा नगरसेवक, अधिकारी, जाहिरातदार आणि कार्यकारिणीचे सोयरेधायरे यांच्यासाठी राखून ठेवतात. त्यातले निम्मे येत नाहीत, आले तर मध्यंतराआधी उठतात. गायक समोर पाहतो तो रिकाम्या खुर्च्या, आणि पदरचे तीनशे मोजणारा रसिक मागच्या रांगेत खांबाआड. साठ पास वाटले आणि त्यांतील फक्त वीस जण एरवी तिकीट काढून आले असते असे धरले, तरी सहा हजार बुडाले. म्हणजे पुन्हा एका साथीदाराची बिदागी, वर हजार.

ज्याला मान द्यायचा त्याला जरूर द्यावा. पण मंडळाने ती खुर्ची विकत घेतल्याचे जमाखर्चात लिहावे आणि तिचे पैसे कार्यकारिणीने भरावेत. स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली की मानकऱ्यांची यादी आपोआप आखूड होईल.

दर्ग्यातील गाणे आणि नाट्यगृहातील तिकीट

येथे काहीजण मिरजेचे उदाहरण देतील. हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. मोठमोठे कलावंत तेथे हाजिरी लावतात, ऐकणाऱ्याला तिकीट नसते. मग नाट्यगृहातही गाणे फुकट किंवा नाममात्र का असू नये?

कारण दोन्ही ठिकाणचा व्यवहार निराळा आहे. दर्ग्यात कलावंत स्वतः ठरवून आपली कला अर्पण करतो; तेथे कोणी विकत नाही आणि कोणी विकत घेत नाही. नाट्यगृहात मंडळ दर छापते, पैसे घेते आणि माल विकते. सेवा सेवेच्या जागी शोभते, व्यापार व्यापाराच्या. दुसऱ्याच्या मजुरीतून सेवा करून स्वतःच्या नावावर पुण्य जमा करणे हे दोन्हींतही बसत नाही. तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा रिवाज ज्यांनी रुजवला, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी गाणे शिकले ते मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. दरबारी आश्रयावर जगणारा गवय्या तिकिटामुळे आपल्या पायांवर उभा राहिला. तिकीट ही कलावंताच्या इभ्रतीची गोष्ट होती, हे विसरू नये.

मिरजेच्या कारागिरांचाही या तिकिटाशी संबंध आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तेथे सतार-तंबोरे बनत आले आहेत. भोपळा सोलापूर जिल्ह्यातून आणायचा, वाळवायचा, दांडी जोडायची, जवारी काढायची. सगळे काम हाताचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही. वाद्य विकत घेतो तो वादक. त्याच्या हाती पैसा आला तर तो नवा तंबोरा घेतो, जुन्याची जवारी काढून घेतो. नाही आला तर तंबोऱ्याचा सूर मोबाईलवर लावून वेळ मारून नेतो. नाट्यगृहाच्या खिडकीवरचा दर मिरजेच्या गल्लीपर्यंत असा पोचतो.

सचोटी आणि कायदा

आता दराच्या खरेपणाविषयी. मूळ दर म्हणून तीनशे छापायचे, त्यावर काट मारायची आणि प्रत्येकाला दीडशेत द्यायचे, हा सरळसरळ खोटेपणा आहे. तो दर कोणी कधी दिलेलाच नसतो. आपल्या फिकहमध्ये ‘नजश’ निषिद्ध मानला आहे: खरेदीचा इरादा नसताना वाढीव भाव बोलायचा, जेणेकरून तिसरा माणूस भुलावा. न विकलेल्या दरावर काट मारून गिऱ्हाइकाला भुलवणे हे त्याचेच भावंड म्हणावे लागेल. कापडाच्या दुकानातील ‘सेल’ला आपण नावे ठेवतो; तोच न्याय संगीत मंडळाला लावावा. आणि मजुराची मजुरी वेळेवर चुकती करण्याबाबत पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. वादकही मजूरच आहे, बोटांचा.

कायद्याची बाजूही मंडळांनी समजून घ्यावी. जुलै २०१७ मध्ये राज्याचा करमणूक कर जाऊन वस्तू व सेवा कर आला. संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर माणशी अडीचशे रुपयांपर्यंत करमाफी होती, ती २५ जानेवारी २०१८ पासून पाचशेपर्यंत वाढवण्यात आली. पाचशेच्या वर दर गेला की नोंदणीकृत संस्थेला अठरा टक्के कर लागतो आणि तो वरच्या फरकावर नाही, सगळ्या रकमेवर लागतो. पाचशे दहाचे तिकीट रसिकाला सहाशे एक रुपये ऐंशी पैशांना पडते. तेव्हा पाचशेच्या थोडेसे वर जाण्यात शहाणपणा नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या लहान मंडळाला सहसा नोंदणीची सक्ती नसते. मात्र तिकिटाला ‘देणगी प्रवेशिका’ म्हटल्याने ते देणगी होत नाही. ज्याच्या बदल्यात खुर्ची मिळते ती विक्रीच. खरी देणगी घ्यायची तर वेगळी घ्यावी, वेगळी पावती द्यावी, आणि तिच्यावाचून प्रवेश अडवू नये. शंका असल्यास आपल्या कर सल्लागाराला आधीच विचारावे.

काय करावे

मंडळांनी पुढील गोष्टी अमलात आणून पाहाव्यात.

१. दर ठरवण्यापूर्वी साथीदारांची बिदागी लेखी ठरवावी आणि भाड्याप्रमाणेच ती आगाऊ बाजूला काढून ठेवावी. सवलतीला त्या रकमेत हात घालता येऊ नये.

२. सवलत दोनच कारणांनी द्यावी. एक, गिऱ्हाईक बदल्यात काही देत असेल तर: जमिनीवर बसत असेल, महिनाभर आधी पैसे भरत असेल किंवा वर्षाचे सभासदत्व घेत असेल. कोल्हापूरच्या १८८३ सालच्या गायन समाज देवल क्लबसारख्या जुन्या संस्था उभ्या राहिल्या त्या सभासदांच्या बळावरच. दोन, गिऱ्हाईक विद्यार्थी किंवा गरजू असेल आणि त्याचा फरक दुसरा कोणी भरत असेल तर.

३. फरक भरणाऱ्याचे नाव तिकिटावर छापावे. ‘या विद्यार्थ्याच्या खुर्चीचे दोनशे रुपये अमुक पेढीने दिले’, एवढी एक ओळ पुरे.

४. शेवटच्या घटकेची सूट शेवटच्याच घटकेला द्यावी. पडदा वर जाण्याआधी पंधरा मिनिटे उरलेल्या खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी शंभर रुपयांत खुल्या कराव्यात. ती सवय आधीच्या विक्रीला लागू देऊ नये.

५. कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. पास किती दिले, सवलत किती दिली, साथीदारांना किती दिले, हे तीन आकडे त्यात असलेच पाहिजेत.

आपल्या समाजातील व्यापारी बांधवांनाही एक सांगणे आहे. दरवर्षी तुम्ही स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात देता. ती स्मरणिका कार्यक्रमानंतर खुर्चीवरच राहते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाते. त्याच पाच हजारांत पंचवीस विद्यार्थी तुमच्या नावाच्या तिकिटावर गाणे ऐकतील, आणि एका साथीदाराचे घर आठवडाभर चालेल. तुमच्या दुकानाचे नाव त्या मुलांच्या खिशात जाईल. जाहिरात म्हणूनही हा सौदा तोट्याचा नाही.

रसिकांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. ऐपत असेल तर पूर्ण दराने तिकीट घ्यावे आणि सवलतीची खुर्ची तिच्या हक्काच्या माणसाला सोडावी. ‘कोणाची ओळख आहे का, पास मिळेल का’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी एवढाच विचार करावा की, आपल्या धंद्यात कोणी रोज येऊन फुकट माल मागितला असता तर आपण त्याला रसिक म्हटले असते काय? कारीगराला पूर्ण दाम आणि गरजूला खरी सवलत, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. मधला हिशेब उजेडात ठेवला की दोन्ही साधतात, आणि अशाच व्यवहारात बरकत असते.